‘फिश गट्स’चा ड्रमवाला

केल्विन ब्लँचर्डला ड्रम फार सुरेख वाजवता यायचे, आणि हीच त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट होती. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराच्या गोदीत मासे कापणारा हा पोरगा लहानपणापासून वडिलांच्या चर्चबँडमध्ये तालात मुरलेला. पण सत्याहत्तर साली पंक संगीताचं वारं सुटलं, आणि ज्याला वाद्य येतं तो ढोंगी, असं पोरांनी ठरवून टाकलं. खुळाला काय औषध असतं? ‘फिश गट्स’ या बँडमध्ये शिरताना केल्विनने चक्क थाप मारली, “मी जन्मात ड्रमच्या काठ्या धरल्या नाहीत.” गायक रॉडनीने त्याला तिथेच मिठी मारली.

वर्षभर तो मन लावून वाईट वाजवत राहिला. माशांच्या वासातून सुटायची दुसरी वाट त्याला दिसतच नव्हती. वडील एकदा कार्यक्रमाला आले, अर्ध्यातून उठून गेले, आणि त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग लंडनला पहिला अल्बम ठरला. पहिलंच गाणं रेकॉर्ड झाल्यावर रेकॉर्ड कंपनीचा माणूस वैतागला. “बेसूर गाणं चालेल. पण ड्रम घसरले की सगळंच बोंबललं. उद्या भाड्याचा वाजवणारा आणतो. फोटो मात्र याचाच छापू.”

केल्विनला आता खरं सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात रॉडनीने खांद्यावर हात टाकला. “मनाला लावून घेऊ नकोस रे. तुला येत नाही, म्हणून तर तू आमचा. येत असतं, तर पहिल्याच दिवशी हाकलला असता.” किती मायेने म्हणाला तो. केल्विनने तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी स्वेटर घातलेला एक टकला गृहस्थ आला. दोन गाण्यांच्या मधे पेपर वाचत त्याने सगळं उरकलं. त्यात केल्विनला न येणारं काहीच नव्हतं. स्टुडिओच्या काचेआड बसलेल्या केल्विनची बोटं गुडघ्यावर चालायला लागली, तसे त्याने हात मांडीखाली दाबून धरले. त्याला ओरडावंसं वाटत होतं.

अल्बम घरी आला. वडिलांनी उभ्यानेच रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ऐकल्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

“मला वाटलं, तू सगळं घालवलंस,” ते म्हणाले. “पोरा, माझ्यापेक्षा चांगलं वाजवलंस.”

“हो, बाबा,” केल्विन म्हणाला.

वडिलांनी शेजाऱ्यांना हाक मारली आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.