गंगाक्कांची चाल

निपाणीत एसटी थांबली की तंबाखूचा उग्र खाट नाकात शिरतो आणि मला गंगाक्का आठवतात.

मी तेव्हा आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचो. एकदा आईचा डबा द्यायला वखारीत गेलो, तर तिच्या शेजारी तंबाखू निवडत बसलेल्या गंगाक्का गात होत्या. शब्द सासर-माहेरचे, चाल मात्र थेट आमच्या जुन्या गीताची. ती चाल विलायतेहून आलेली, अशी माझी पक्की समजूत.

"आक्का, ही आमच्या देवाच्या गाण्याची चाल हाय. असल्या गाण्याला लावू नका."

त्यांचे हात थांबले. "व्हय? माझी आई जात्यावर म्हणायची रं. मला ठावं न्हवतं. चुकलं माझं." गाणं तिथंच सोडून त्या पुन्हा तंबाखू निवडू लागल्या. आईनं मान वर केली नाही.

कितीतरी वर्षांनी गीतांचं पुस्तक बांधणीला देताना त्या गीताच्या डोक्यावरची बारीक ओळ मी पहिल्यांदा वाचली. 'चाल : जात्यावरची ओवी.' दर रविवारी तेच पान समोर उघडून मी पेटी वाजवत आलो होतो.

गंगाक्कांनी त्या दिवशी माझी माफी मागितली, आणि मी मोठ्या मनानं "असू दे" म्हणालो होतो.