भरलेल्या फॉर्मला चिकटवलेला प्रश्न

शिपायाने तांदळाची खळ शिजवून आणली होती आणि मी पट्ट्या चिकटवत बसलो होतो. टेबलावर आमच्या पंचायत समितीच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल होते. आम्ही त्यांना सी.आर. म्हणायचो. साहेब वर्षातून एकदा हाताखालच्या प्रत्येक माणसाबद्दल हा छापील फॉर्म भरतात. काम कसं, वागणूक कशी, सचोटी कशी. कायम होणं, बढती, सगळं त्यावर ठरतं. हे सी.आर. मार्चअखेरपर्यंतच्या कामाचे होते. भरून झाले होते, सह्याही झाल्या होत्या. आता जून लागला होता. साल १९७६, आणीबाणीचं.

पट्टीवर एकच नवा रकाना होता, 'कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या केसेस'. केस म्हणजे माणूस. नवे फॉर्म छापून येईपर्यंत ही पट्टी जुन्या फॉर्मला लावा, असं वरून परिपत्रक आलं होतं. कोऱ्या फॉर्मला की भरलेल्या, ते त्यात नव्हतं. मी हेड क्लार्कना विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांना लावून टाका, नाहीतर कागद परत येतील.

पट्टी लावल्यावर तो रकाना रिकामा दिसायला लागला. आमच्या खात्यात रिकामा रकाना चालत नाही. वरचे लोक लाल शाईने शेरा मारून कागद परत पाठवतात. म्हणून मी प्रत्येक पट्टीवर टाकाने 'निरंक' लिहीत गेलो. निरंक म्हणजे काहीही नाही. खरं तर तिथे 'लागू नाही' लिहायला हवं होतं. ग्रामसेवकांना केसेसचं टार्गेट मिळालं तेच मुळी एप्रिलनंतर. अहवाल गेल्या वर्षाचा आणि प्रश्न या वर्षाचा, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माझ्या टापटिपीचं ऑफिसात कौतुक व्हायचं आणि मलाही ते आवडायचं.

दीड महिन्याने यादी आली. ज्या अस्थायी कर्मचाऱ्यांच्या सी.आर.मध्ये 'निरंक' आहे, त्यांनी महिन्याभरात एक तरी केस द्यावी, नाहीतर सेवा समाप्त. आमच्याकडे अस्थायी एकच जण होता, नामदेव सार्वे, कोंढ्याच्या बाजूचा ग्रामसेवक. तिशीही गाठली नव्हती. त्याच्या सी.आर.वर साहेबांनी 'उत्कृष्ट' लिहिलं होतं आणि त्या साली तो कायम व्हायचा होता.

तो सायकलने आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"बाबूजी, मार्चात मले हे कोनी इचारलंच नव्हतं. मंग मी 'नाही' म्हणून कधी सांगतलं?"

मी म्हटलं, तू नाही सांगितलंस, मी लिहिलं. मग एखादी केस मिळते का, असं मी विचारलं. विचारताना माझी मलाच लाज वाटली.

"गावात मास्तरचं टार्गेट हाये, तलाठ्याचं हाये, नर्सबाईचं हाये. मले पाहून लोकं धानाच्या बांधीतून पळून राहिले. ज्यायले मी बियाणं आणून देल्लं, तेच पळून राहिले."

मी उठून साहेबांकडे गेलो. आमचे बी.डी.ओ. पुण्याकडचे, माणूस वाईट नव्हता. मी सगळं सांगितलं आणि 'निरंक' खोडून 'लागू नाही' करू द्या, अशी विनंती केली. त्यांनी फाइल मिटली.

"तुम्ही लेखी द्या. माझ्या आदेशाशिवाय, मी सही केल्यानंतर, गोपनीय अहवालात तुम्ही नोंद केली, असं. मी आजच वर पाठवतो. पण मग तुमचं निलंबन मला थांबवता येणार नाही."

थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "माझ्या स्वतःच्या सी.आर.लाही ती पट्टी आहे, बाबू."

मी टिपण लिहिलं. मजकूर चार ओळींचा होता. खाली सही तेवढी राहिली. घरी बायको, तीन मुलं, म्हातारे वडील. उद्या सही करू म्हणून टिपण ड्रॉवरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. असे चार दिवस मी ड्रॉवर उघडला आणि लावला. भित्रेपणा म्हणतात तो हाच, आणि तो माझा होता.

पाचव्या दिवशी सार्वे आला. सायकल नव्हती, एस.टी.ने आला होता, आणि जिना चढताना कठडा धरत होता. त्याने नसबंदी कॅम्पचं सर्टिफिकेट माझ्या टेबलावर ठेवलं. केसचं नाव, नामदेव सार्वे. अपत्यं, दोन. मला माहीत होतं, त्याला एकच मुलगी होती, दीड वर्षाची. दोनपेक्षा कमी अपत्यं असली तर केस धरत नसत, आणि कॅम्पमध्ये त्यांनाही रकाना भरायचाच होता.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "लिवा बाबूजी. एक."

मी लिहिलं. तो कायम झाला.

पुढच्या साली सरकार बदललं आणि दुसरं परिपत्रक आलं. सदर रकाना रद्द करण्यात येत असून त्यातील नोंदी झाल्याच नाहीत असे समजावे. मीटिंगला आलेल्या ग्रामसेवकांना ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांना हायसं वाटलं. सार्वे शेवटच्या बाकावर होता. मीटिंग संपल्यावर तो माझ्याजवळ आला. आवाज चढलेला नव्हता.

"मंग माहं ऑपरेशनबी झालंच नाही, असं समजाचं का?"

एवढं विचारून तो निघून गेला. ते सही नसलेलं टिपण मी त्या दिवशी फाडून टाकलं. आता त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

त्यानंतर मी बरीच वर्षं आस्थापना टेबल सांभाळलं. सी.आर.चे फॉर्म आणखी तीनदा बदलले. दर वेळी मी नवा फॉर्म एक एप्रिलपासूनच्या कामाला लावला आणि जुना जसा भरला तसा राहू दिला. एकदा वरून हरकत आली, तर लेखी आदेश द्या म्हणून सही करून कळवलं. आदेश आला नाही. सही करणं इतकं सोपं होतं. सार्वेला ती एकच मुलगी राहिली.