फरशीची वाट

पहाडावरच्या उपकेंद्रात नर्स म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. बाबा चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत कामाला होते. त्यांनी मला एक जुनी लेडीज सायकल घेऊन दिली आणि गडचांदूरपर्यंत जाणाऱ्या एसटीच्या टपावर ती स्वतः चढवून बांधली. वर पठार सपाट असल्यामुळे गुड्यागुड्यांत फिरायला सायकलचा फार उपयोग झाला. गुडा म्हणजे गोंड-कोलामांची वस्ती, दहा-पंधरा घरांची. अडचण होती ती खाली उतरण्याची. आमच्या बाजूने एसटी नव्हती आणि दर पंधरवड्याला अहवाल घेऊन गडचांदूरला जावंच लागे.

माझ्यासोबत मलेरियाचं काम पाहणारे एक कर्मचारी होते. ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. त्यांच्याकडे सरकारी काळी सायकल होती. त्या हिवाळ्यात आम्हा दोघांचा एकच वाद चालला होता. पहाडावरून सायकलने उतरायला सगळ्यात चांगली वाट कोणती?

वाटा तीन होत्या. पांदन, म्हणजे बैलगाडीचा रस्ता, पहाडाला वळसे घालत तासन्‌तास उतरायचा. तिथे सुट्या मुरमावर चाक घसरायचं, पण पडलं तरी खरचटण्यावर भागायचं. दुसरी नाल्याची. तिथे निम्मा वेळ सायकल खांद्यावर असे. तिसरी फरशीची. चुनखडीचे मोठमोठे सपाट थर एकाखाली एक, मध्ये हातभर, कुठे कमरेएवढ्या उंचीच्या पायऱ्या. ती सरळ पायथ्याच्या चुनखडीच्या खदानीपाशी उतरायची, पांदनीच्या निम्म्याहूनही कमी वेळात.

भाऊ फरशीच्या बाजूचे होते. ते म्हणायचे, मुरूम दगा देतो, खडक देत नाही. खडक जसा दिसतो तसाच असतो. मी पांदनीच्या बाजूची. माझं म्हणणं, जी वाट माणसाला आणि सायकलीला शाबूत खाली नेते तीच चांगली. आम्ही दोनदा एकाच वेळी निघून वेगवेगळ्या वाटांनी उतरलो. दोन्ही वेळा भाऊ खाली चहा पिऊन माझी वाट पाहत बसलेले होते. मग त्यांनी मला फरशी शिकवायला घेतली. मागचा ब्रेक आधी, पुढचा नंतर. अंग मागे. आणि नजर.

"गोट्याकडे पाहू नका, बाई," ते म्हणाले. "ज्याच्याकडे पाह्यलं त्याच्यावरच चाक जाते. जिथून जायचं आहे तिथी पाहा."

फरशीने मी दोनदा उतरले, पण निम्मं अंतर चालतच. अर्ध्यावर एक उंच कडा होता आणि त्याच्या कपारीला आग्या मोहोळाची सात-आठ पोळी लोंबत होती. वाट बरोबर त्याखालून जायची. भाऊंसारखा माणूसही तिथे सायकल हातात घेऊन, श्वास रोखून जायचा. मागच्या उन्हाळ्यात तिथे एक बैल माश्यांनी मारला होता.

जानेवारीतली गोष्ट. भाऊ सुट्टी घेऊन गावी गेले होते. सकाळी मला कोलामांच्या गुड्यावर बोलावणं आलं. एक तरणी बाई बाळंत झाली होती, मुलगी होती, पण बाळामागून पडायची ती वार पडली नव्हती. मी पोचले तेव्हा म्हातारी दाई तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती. खालचं फडकं भिजलेलं होतं. मी इंजेक्शन दिलं. रक्त कमी झालं, थांबलं नाही. अर्ध्या तासाने दुसरं दिलं. माझ्याजवळ दोनच होती. बाईचे ओठ पांढरे पडत चालले होते आणि नाडी बोटाखाली धाग्यासारखी पळत होती.

तिला खाली न्यायलाच हवं होतं. बाजाराचा दिवस होता, गुड्यात तिचा नवरा धरून चारच धडधाकट माणसं होती. चौघांनी खाट उचलायची तर पांदनीनेच उतरावं लागणार. आणि खाली पोचल्यावर पुढे काय? गडचांदूरची एसटी संध्याकाळी. खदानीची एक जीप मात्र रोज बारा वाजता, जेवणाच्या सुट्टीत, गडचांदूरला परत जायची. माझ्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

कोणीतरी पुढे जाऊन ती जीप थांबवायची आणि पांदनीच्या पायथ्याशी आणून उभी करायची, एवढाच मार्ग होता. चौघांतला एक कमी केला तर खाट हलत नव्हती. सायकल येत होती फक्त मला. पण रक्त जाणाऱ्या बाईला सोडून नर्सने निघून जायचं, हे मला शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध होतं. मी उठले, पुन्हा बसले. दाईच्या ते लक्षात आलं.

"तू जाय," ती म्हणाली. "मी आहो इथी."

मी तिला पोट कसं चोळत राहायचं ते दाखवलं. तिला ते माझ्याहून चांगलं येत होतं, तरी दाखवलं. बाळाला आईच्या छातीशी लावलं, वाटेतही तिथेच ठेवायला सांगितलं. नवरा दारात उभा होता. विशीतला पोरगा, डोळे कोरडे.

"वाचन ना ते, बाई?"

मी त्याला म्हटलं, खाट हलू देऊ नका, पण थांबूही नका. त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि ते त्याला कळलं.

पठाराच्या कडेला पांदन आणि फरशी वेगळ्या होतात. तिथे मी क्षणभर थांबले. पांदनीने गेले तर मी पोचेपर्यंत जीप गेलेली असणार. फरशीवर पडले तर कोणालाच काही कळणार नाही, आणि ती बाई खाली रस्त्याच्या कडेला खाटेवर पडून राहील. मी पदर कमरेला घट्ट खोचला, निऱ्या मागे घेऊन कासोटा घातला आणि चाक फरशीवर घातलं.

पहिले थर रुंद होते. सागाची वाळकी पानं मात्र पसरलेली होती आणि त्यांच्यावरून चाक तेलावरून सरकावं तसं सरकत होतं. मी मागचा ब्रेक दाबून धरला. त्याचे रबर झिजलेले होते, लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज येत होता. पहिली हातभर पायरी मी उतरून पार केली. दुसरी पण. तिसरीला मनात म्हटलं, अशी उतरत बसले तर पांदनीनेच का गेले नाही? मग अंग मागे घेतलं, नजर खालच्या थरावर ठेवली आणि सायकल सोडली. चाक हवेत गेलं, आपटलं, दात एकमेकांवर वाजले. मी अजून सीटवर होते. त्यानंतरच्या पाच-सहा पायऱ्या मी तशाच घेतल्या. भीती वाटत नव्हती असं नाही. भीतीकडे पाहायला सवड नव्हती.

कड्याच्या अलीकडे उतरले. माझा मडगार्ड सैल होता, चालताना खडखड वाजायचा, घंटीही आपोआप किणकिणायची. मी पिशवीतून बँडेजची गुंडाळी काढली. घंटीला वेढे दिले, मडगार्डच्या सळ्या गच्च बांधल्या. तेवढ्यात ध्यानात आलं की माझ्या पातळावर गुडघ्यापासून खाली रक्त लागलंय आणि हातांना स्पिरिटचा वास येतोय. माश्यांना उग्र वास सहन होत नाही, हे पहाडावरचं लहान पोरही सांगेल. वाटेकडेची कोरडी माती घेऊन मी हातांना चोळली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

कड्याखालचं अंतर पन्नास-साठ पावलांचं असेल. पोळी डोक्यावर काळ्या घोंगड्यांसारखी लोंबत होती. मी चालत असताना त्यातल्या एकावरून सळसळ करत एक लाट वरून खाली गेली. म्हणजे त्यांना माझी चाहूल लागली होती. पळावं असं पाय म्हणत होते. मी एकेक पाऊल मोजून टाकत राहिले. दोन माश्या येऊन पातळावरच्या रक्तावर बसल्या. एक मानेजवळ घोंगावली आणि कानामागे चावली. मी ओठ दाताखाली धरला, हात हलवला नाही. पुढच्या वळणापर्यंत बाकीच्या आल्या नाहीत.

वळणानंतर शेवटचा उतार होता, एकच लांब तिरका थर. मी सायकलवर बसले आणि अर्ध्यावर मागच्या ब्रेकची काडी तुटली. सायकल सुटली. पुढचा ब्रेक दाबला असता तर डोक्यावर पडले असते, म्हणून तो हळूहळू दाबत गेले, पण वेग कमी होईना. शेवटी मी स्वतःच डावीकडच्या झुडपात सायकल घातली. डाव्या मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं झालं होतं. सायकल तिथेच टाकून मी धावले.

खदानीच्या तोंडाशी लाल झेंडा घेतलेला एक चौकीदार उभा होता. त्याने मला अडवलं. सुरुंग भरले आहेत, आता पंधरा मिनिटं कोणालाच सोडायचं नाही, असं तो म्हणाला. जीप पलीकडे मला दिसत होती. ड्रायव्हर बॉनेटला टेकून बिडी ओढत होता. सुरुंग उडाला की तो निघणार, आणि मी इकडेच उभी राहणार.

मी ओरडले नाही. मोडलेला हात उजव्या हाताने धरून त्याला म्हटलं, "दादा, माझ्या पातळावरचं रक्त पाहा. हे माझं नाही. जिचं आहे ते पांदनीने खाटेवर येऊन राह्यलं."

त्याने पातळाकडे पाहिलं. मग गळ्यातली शिट्टी तोंडात धरून त्याने ती तीनदा, लांब लांब फुंकली. खदानीतून कोणीतरी चिडून विचारलं, काय झालं. "थांबवा," एवढंच तो म्हणाला आणि झेंडा बाजूला करून मला म्हणाला, "जा लवकर."

ड्रायव्हर सिरोंच्याकडचा, तेलुगू बोलणारा. त्याला माझं अर्धंच समजलं असावं. साहेबांना विचारतो म्हणाला, ऑफिसकडे दोन पावलं गेला, परत आला आणि गाडीत बसला.

पांदनीच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. असणारही नव्हतं, पण मला तेव्हा ते सुचलं नाही. मी वर चालू लागले. दर वळणाला वाटायचं, आता दिसतील. आपण तिथेच थांबलो असतो तर हात तरी पोटावर असता, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. एका वळणावर आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, मग खाट दिसली. दाई खाटेसोबत धावत होती, तिचा एक हात बाईच्या पोटावर होता. मी नाडी पाहिली. होती.

"वाटेत वार पडली," दाई म्हणाली आणि प्रथमच खाली बसली.

गडचांदूरला सलाईन लावलं आणि तिथून दवाखान्याच्या गाडीने चंद्रपूरला नेलं. नवऱ्याचं रक्त जुळलं. माझ्या हाताला प्लास्टर घातलं गेलं. कानामागची सूज तेवढ्यात इतकी वाढली होती की मला डाव्या बाजूचं ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले. बाई जागी होती. ओठांना थोडा रंग आला होता. मुलगी तिच्या कुशीत झोपलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. मला नीट ऐकू आलं नाही म्हणून मी उजवा कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"बाई, माह्या शेळ्या कोनं चराले सोडल्या का?"

मी म्हटलं, सोडल्या. मला काहीच माहीत नव्हतं. तिने डोळे मिटले, आणि मी तिच्या पायथ्याशी स्टूल ओढून बसले.