रेमीबाई रागाने रडल्या होत्या

"ती टीव्हीवरची बाई मीच," असं म्हणत रेमीबाई दारात उभ्या राहिल्या आणि तिकीट काही पुढे करेनात. मागची पाच-सहा माणसं खोळंबली.

मी म्हटलं, "तुम्ही हिरॉईन असलात तरी तिकीट दाखवा."

"तिकीट काढलंच नाही. मला पिक्चर बघायचा नाही. ते टीव्हीवरचं बंद करायला सांगा."

मी वसईच्या एका थिएटरात डोअरकीपर. म्हणजे तिकीट फाडायचं आणि अंधारात बॅटरी दाखवून माणसं सीटवर बसवायची. शाळा चौथीपर्यंत. पिक्चर खूप पाहिले, पण सुरुवात आणि शेवट तेवढाच. मधल्या वेळात आम्ही बाहेर असतो. तरी आत जाणारं माणूस आम्हालाच विचारतं, "मावशी, कसा आहे?" आमचं उत्तर ठरलेलं. "छान आहे, जा, बसा."

तेव्हा एका कादंबरीवरचा प्रेमाचा पिक्चर लागला होता. गर्दी बेताची. शुक्रवारी नवे पिक्चर येतात, तोवर माणसं जमली नाहीत तर जुन्याचे शो जातात. म्हणून जाहिरातवाल्यांनी पब्लिक रिव्ह्यू घेतला. बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडापुढे माईक धरायचा आणि गोड तेवढं ठेवायचं, याला पब्लिक रिव्ह्यू म्हणतात. लॉबीतल्या टीव्हीवर ते दिवसभर फिरत होतं. त्यात सांडोर गावच्या या रेमीबाई डोळे पुसत म्हणायच्या, "मी खूप रडले." खाली लाल बदाम.

मागच्यांना आत सोडून मी त्यांना बाजूला घेतलं.

"मी पुढेही बोलले होते," त्या म्हणाल्या. "रडले ती रागाने, असं म्हटलं होतं. पुस्तकात हिरॉईन शेवटी हिरोला लग्नाला नाही म्हणते आणि सरळ निघून जाते. इथे तिला त्याच्या गळ्यात बांधलीय."

"मग एवढं काय बिघडलं?"

"गावच्या वाचनालयात मी बायकांना पुस्तकं वाचून दाखवते. या पुस्तकाच्या शेवटावरून भांडणं झाली. सगळ्या म्हणाल्या, तिने हो म्हणायला हवं होतं. मी एकटी तिच्या बाजूने. आता मिस्सानंतर चर्चच्या पायरीवरच अडवतात. 'काय गो रेमी, फिरलीस ना शेवटी? पिक्चर बघून विरघळलीस?' यापुढे मी तोंड उघडलं तर कोण ऐकणार?"

मी मॅनेजर सावंतसाहेबांकडे गेले.

"त्या रडल्या ना? मग यात खोटं काय?"

"पुढचं कापलंय."

"पुढचं लावलं तर तिकीट कोण काढेल? मावशी, तुम्ही दार सांभाळा."

सांभाळलं. पुढच्या शोला एव्हरशाईन सिटीतली एक जोडी आली. पोरगी म्हणाली, "मावशी, कसा आहे? त्या आंटी केवढ्या रडतायत!"

"रागाने रडतायत. शेवट पटला नाही त्यांना. पुस्तकात वेगळा आहे. टीव्हीवर कापलंय ते."

"अय्या! मग इथे शेवट काय आहे?"

"तो आत बसून बघा."

जो विचारेल त्याला मी हेच सांगितलं. तिकीट कोणी परत केलं नाही. पण सुटताना माणसं टीव्हीपुढे थांबून वाद घालायला लागली. कोणी म्हणे पुस्तक बरोबर, कोणी म्हणे पिक्चर. दोघे-तिघे काउंटरवर जाऊन विचारून आले, "त्या बाईंचं पुढचं कुठंय?"

सावंतसाहेब तणतणत दारात आले. "उद्यापासून येऊ नका."

"लेखी द्या. पब्लिकला खरं सांगितलं म्हणून काढली, असं लिहा."

"एवढा पुळका? ती बाई तुमची कोण लागते?"

"कोणी नाही. आणि मला तर पिक्चरचाच शेवट आवडलाय."

"काय?"

"माणूस बरा आहे, कमावता आहे, हात जोडून माफी मागतो. मी असते तर हो म्हटलं असतं. मधलं मी बघितलेलं नाही, पण शेवट रोज बघते. हे माझं मत. त्यांचं वेगळं आहे. आणि टीव्हीवर चेहरा त्यांचा आहे, माझा नाही."

ते वळून ऑफिसात गेले. संध्याकाळी टीव्हीवरून रेमीबाई गायब झाल्या. त्यांचं पुढचं वाक्य काही लागलं नाही. लेखीही आलं नाही. मला पार्किंगच्या गेटवर टाकलं, अजून तिथेच आहे. शुक्रवारी पिक्चर उतरला. साहेब म्हणतात तुमच्यामुळे. त्याआधी तरी कुठे रांगा लागत होत्या?

रेमीबाई सुरणाची भाजी घेऊन भेटायला आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्हाला तरी पटलं, तिने नाहीच म्हणायला हवं होतं."

मी म्हटलं, "मला नाही पटलं. हो म्हणायला हवं होतं."

त्यांनी हात सोडला. "तुम्ही पण त्यांच्यातल्याच!" म्हणून गेटवरच माझ्याशी भांडल्या, चांगल्या तारस्वरात. मीही सोडलं नाही.

ज्याची बाजू घ्यायची, त्याचं मत पटायलाच हवं असं नाही. फक्त आभाराची वाट बघू नये.