तांबडा भुसा

निजामाच्या अमदानीत मी बीडमध्ये शिकवत होतो. शाळेच्या छपरासाठी हिमालयाकडून सालीसकट देवदाराचे वासे आले. सालीला बारीक भोकं दिसताच हेडमास्तरांनी ते परत पाठवायचं ठरवलं. म्हणजे पावसाळाभर शाळा बंद.

नेकनूरहून आलेल्या सुताराचं नाव मी विचारलं नाही. त्याने वाशाखाली पांढरा रुमाल पसरला, भोकांवर टिचक्या मारल्या आणि पडलेला भुसा बघून हसला.

"मास्तर, भुसा तांबडा हाय. लाकडाचा पांढरा पडतो. ह्यो किडा सालच खातोय. साल काढली की बिचारा उपाशी."

"आणि छप्पर पोरांवर पडलं तर?" हेडमास्तरांनी विचारलं.

"आधी माझ्यावर पडंल."

छप्पर चढलं त्या दुपारी तो खरोखरच पहिल्या वाशाखाली आडवा झाला. त्याचं घोरणं ऐकून हेडमास्तरांनी पोरांच्या बसकरपट्ट्या त्याच्या शेजारीच अंथरल्या.