रहिवासाचा पुरावा

सनद घेऊन मी बीडच्या कोर्टात नुकतीच उभी राहू लागले होते. वकिलीणबाई म्हणून माझ्याकडे कुणी येत नसे. पहिली आली ती आमच्याच गावच्या रस्त्याकडेला राहणारी एक बाई. ‘आमच्याच गावची’ असं मी तेव्हा अगदी सहज म्हणत असे.

गाव चौसाळ्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. घर आमचं लिंगायत, किराणा-भुसाराचं दुकान असलेलं. वडिलांचे थोरले भाऊ गल्ल्यावर बसत. घरातले आणि गावातलेही त्यांना अप्पा म्हणत. गाव संपलं की रस्त्याच्या कडेनं गायरानाची एक चिंचोळी पट्टी होती आणि तिच्यावर दगडविटांच्या, पत्रे टाकलेल्या काही झोपड्या. विहिरी खोदणारी, दगड फोडणारी ही माणसं तेलंगणातून आलेली. मी शाळेत जायच्याही आधी कधीतरी आली आणि राहिली. गाव त्यांना तेलंगी म्हणे. त्यांची पोरं मात्र आमच्यासारखंच मराठी बोलत, आमच्याच शिव्या देत.

त्या बाईचा नवरा सुरुंग लावायचा. आसपासच्या कितीतरी विहिरी त्याच्या हातच्या. एका उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची विहीर खोदताना एक सुरुंग उडाला नाही. वाट बघून तो खाली उतरला आणि तेवढ्यात सुरुंग उडाला. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. तो बरा होऊन आला तो काठी घेऊन. पुढच्या वर्षी त्या विहिरीचं पाणी नळानं गावात आलं. अप्पांनी दुकानापुढच्या पहिल्या नळाला नारळ फोडला होता, ते मला चांगलं आठवतं.

बाई माझ्याकडे आली ती निराधारच्या पगारासाठी. आंधळ्या माणसाला सरकार दरमहा काही देतं, हे तिला दवाखान्यातल्या एका नर्सनं सांगितलं होतं. मी नियम काढून वाचले. तिचा नवरा सगळ्यात बसत होता. अट एकच अडणारी होती. अर्जदार पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा हवा. मला हसू आलं. अख्खं गाव पुरावा होतं.

पण कागदावर काहीच नव्हतं. रेशनकार्ड नाही, घरपट्टी नाही. मतदार यादीत नावं नाहीत, आणि तरी दर निवडणुकीला जीप येऊन त्यांना घेऊन जाई. मेलेल्यांच्या, मुंबईला गेलेल्यांच्या नावावर ती मतं देत. शाई त्यांच्या बोटाला लागे. थोरली पोरगी चौथीपर्यंत शाळेत बसली होती, पण हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. गुरुजींनी तिला नुसतं बसू दिलं होतं आणि आता त्यांची बदली झाली होती. सरपंचाकडे रहिवासी दाखला मागितला, तर ते म्हणाले, चौकशी लागू दे, मग बघू.

मी तहसीलला अर्ज टाकला. चौकशी लागली. साक्षीला म्हणून मी अप्पांचं नाव दिलं. त्यांच्या दुकानातून या लोकांचं मीठ-मिरची, तेल, गूळ सगळं जायचं. अप्पांइतकं या लोकांना कोण ओळखणार होतं?

तेव्हा रस्त्याचं रूप पालटत होतं. ट्रक वाढले होते, धाबे निघत होते, आमच्या गावातही एसटीडीचा डबा आला होता. गायरानाच्या मागची जमीन अप्पांनी आणि सरपंचांनी मिळून घेतली होती, हे मला ठाऊक होतं. तिथं पेट्रोल पंप येणार हेही ऐकून होते. पंपाला रस्त्यावर तोंड पाहिजे आणि ते तोंड या झोपड्यांनी अडवलंय, हा हिशेब मात्र मी केला नव्हता. ही माणसं जुनी रहिवासी ठरली, तर गायरानावरची घरंही त्यांच्या नावावर करून द्यावी लागतील, हे सरपंचांना माझ्याआधी कळलं होतं.

चौकशीला नायब तहसीलदार स्वतः आले. चावडीत सतरंजी टाकलेली. तलाठी लिहून घेत होते. आंधळा भिंतीला पाठ लावून बसला होता, बायकोनं त्याला धुतलेला सदरा घातला होता. सरपंच म्हणाले, ही भटकी माणसं, येतात आणि जातात, आज इथं तर उद्या नांदूरघाटला. मग अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, मला काही सांगता येणार नाही.

मी उभी राहिले. घरात ज्यांच्यापुढे पदर सावरून बोलायचं, त्यांना वकील म्हणून प्रश्न विचारला.

“अप्पा, ह्यांच्या थोरल्या पोरीच्या बारशाचा गूळ आपल्याच दुकानातनं गेला होता. तुम्ही स्वतः तोलून दिला होता. आठवतं का?”

“रस्त्यावरचं दुकान हाय,” अप्पा तलाठ्याकडं बघून म्हणाले. “छप्पन गिऱ्हाईक येतंय. कोण कुठलं, आमी इचारत न्हाई.”

आंधळ्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तो भिंतीचा आधार घेत उठला आणि हात जोडून म्हणाला, “सावकार, मी हाय. हिरीवाला.”

त्याला वाटलं, डोळे गेल्यावर, दाढी वाढल्यावर आपला चेहरा बदलला असेल. म्हणून सावकारांनी ओळखलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं, अशा वेळी ओळख पटवून देताना माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं. अप्पांनी मांडीवरची टोपी उचलली, झटकली, पुन्हा मांडीवर ठेवली.

“लिहा पुढं,” अप्पा तलाठ्याला म्हणाले.

बायकोनं नवऱ्याला हाताला धरून खाली बसवलं. तो तिला त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी विचारत राहिला.

घरी आले तर जेवणं व्हायची होती. काकूनं माझं ताट वाढलं नाही, पण जेवू नको असंही म्हणाली नाही. अप्पा हात धुऊन पाटावर बसले आणि शांतपणे बोलले. “ह्या घरात राहून ह्या घराच्या इरोधात कागद करायलीस. तुला कावून शिकवलं आमी? ह्याच्यासाठी?” मी वडिलांकडे पाहिलं. माझी फी अप्पांनी भरली होती आणि वडील आयुष्यभर त्यांच्या हाताखाली दुकानात उभे राहिले होते. ते भाकरी कुस्करत होते. कुस्करून झाली तरी कुस्करत होते. मी त्या रात्री काकूच्या शेजारी बसून जेवले. उठून गेले असते तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

अर्ज नामंजूर झाला. रहिवास सिद्ध होत नाही, एवढंच कारण. त्यापाठोपाठ झोपड्यांवर अतिक्रमणाच्या नोटिसा चिकटल्या. आदल्या महिन्यात जी माणसं गावात राहतच नव्हती, त्यांना आता गावातून उठायला सांगितलं होतं. मी ही गोष्ट कोर्टात मांडली. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं, सरकारी वकील हसले, पुढची तारीख पडली. त्या तारखेच्या आधीच पंचायतीचे दोन ट्रॅक्टर आले. झोपड्यांतली माणसं त्यापूर्वीच सामान बांधून निघून गेली होती. मला कुणी कळवलं नाही. मी पोचले तेव्हा तिथं चुलीचे दगड होते आणि एक शेळी होती. ती पाटलाच्या गड्यानं सोडवून नेली.

मी वरती अपील केलं. हट्टानं केलं, आता त्याला दुसरा शब्द नाही. बदली झालेल्या गुरुजींना शोधून काढलं. त्यांना तालुक्यात कुणाची भीड नव्हती, नोकरीही संपत आली होती. सुनावणीला ते स्वतः येऊन सांगून गेले, की मी या गावात होतो तितकी वर्षं ही माणसं तिथं होती आणि माझ्या आधीचे हेडमास्तरही त्यांना ओळखत होते. वरच्या साहेबांनी ते मानलं. पगार मंजूर झाला. तोपर्यंत पंप सुरू झाला होता. उद्घाटनाला आमच्या घरच्या सगळ्या बायका हिरव्या साड्या नेसून गेल्या होत्या.

मंजुरीचा कागद घेऊन मी त्या माणसांना शोधत फिरले. मांजरसुंबा, केज, विचारत विचारत नांदूरघाटच्या बाहेर एका खाणीवर बाई सापडली. उन्हात दगड फोडत बसली होती, शेजारी थोरली पोरगी. मला पाहून उठली, हात पुसले, बसायला पोतं टाकलं. नवरा मागच्या उन्हाळ्यात गेला होता. ताप आला होता, म्हणाली. दवाखान्यात नेलं नव्हतं. नव्या गावात पत्ता काय सांगायचा, म्हणून नेलं नव्हतं.

कागद माझ्या पिशवीतच राहिला. मी तिला समजावलं. विधवेलाही पगार मिळतो, अपिलात रहिवास सिद्ध झालाय, आता कुणी नाकारू शकत नाही, मी इथल्या ग्रामपंचायतीत तुमची नावं लावून घेते, कायदा तुमच्या बाजूनं आहे. बरंच बोलले असेन. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“अक्का,” ती म्हणाली, “तुमी लई केलं आमच्यापायी. पर इथं आमाला कुठं लिहू नगा. लिवलं का लोकाच्या ध्यानात येतंय, आमी हाव म्हून. अजून इथं कुणी उठ म्हनलेलं न्हाई.”

तिनं माझ्यासाठी गाडग्यातलं पाणी आणलं, मी प्याले, ती पुन्हा हातोडा घेऊन बसली.

पोरगी मला स्टँडपर्यंत सोडायला आली. अंगानं उंच झाली होती, हाताची बोटं दगडानं राठ झालेली. वाटेत तिनं एकदा विचारलं, गुरुजी बरे हायेत का. एसटी यायच्या आत मी एका चिठोऱ्यावर माझा बीडचा पत्ता लिहून दिला आणि म्हटलं, आईला कळू न देता ये, तुझ्या नावानं काय काय करता येईल ते बघू. तिनं तो पत्ता मोठ्यानं, अडखळत पण बरोबर वाचून दाखवला, मग घडी घालून कमरेला खोचला.

ती कधी आली नाही.