कलौंजीची म्हैस

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, लेकीच्या शाळेत, भर प्रदर्शनात माझा एक भलताच घोळ उघडकीला आला. अजून डोक्यातून जात नाही... म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

ईरा माझी मुलगी, तिसरीत. दरवर्षी तिच्या शाळेत मुलांच्या आर्ट प्रोजेक्ट्सचं प्रदर्शन असतं, यंदा विषय होता धान्याचं कोलाज. कार्डशीटवर डाळी, कडधान्यं चिकटवून चित्र करायचं... तेही गोंदाने नाही, घरी केलेल्या मैद्याच्या खळीने, असा मॅडमचा नियम.

आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे ईराने, नानांची म्हैस काढली. नाना म्हणजे माझे सासरे, चांदवडकडे गावी असतात. मुगाचं गवत झालं, मसुराची माती झाली, तांदळाचे ढग झाले... पण म्हशीला काळं काय लावायचं? उडीद नापसंत. म्हैस एवढी जाडीभरडी नसते म्हणे!

किचनच्या वरच्या कप्प्यात मला एक कापडी पुरचुंडी सापडली. आत बारीक, काळेभोर, कंगोरेदार दाणे. मी म्हटलं, अगंबाई, कलौंजी! आमच्याकडे नान होतात वर्षातून एकदा, ती संपणार कधी? दिली पुरचुंडी तिच्या हातात... वर "भरपूर लाव गं, कंजुषी करू नको" हा सल्लाही दिला.

लेकीने आयुष्यात पहिल्यांदा माझं शब्दशः ऐकलं. शिंगांपासून शेपटीपर्यंत थरावर थर! म्हैस इतकी झकास झाली की मॅडमनी ती दारासमोरच लावली, आणि प्रदर्शन संपलं की ऑफिसच्या भिंतीवर कायमची लावणार असं जाहीर केलं. ईराचे पाय जमिनीवर नव्हते.

शनिवारी नाना खास गावाहून आले. नातीची म्हैस बघायची होती, आणि आमच्याकडून काहीतरी न्यायचंही होतं... काय ते मी विचारलं नाही.

चित्रासमोर उभे राहिले, कौतुकाने हसले. मग पुढे वाकून म्हशीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. एक दाणा सुटला, तो त्यांनी दाताखाली धरला... आणि चेहरा एकदम उतरला.

"हे उळं कुठनं आणलं?"

उळं म्हणजे कांद्याचं बी, एवढं मला लग्नानंतर कळलंय. मी हसतहसत म्हटलं, "नाही हो नाना, कलौंजी आहे, घरातलीच."

"कलौंजी नाय पोरी. माझ्या घरचं बी हाय हे. गणपतीत अमोलपाशी दिलं व्हतं... गावाला उंदीर लय झालेत म्हणून."

मी अमोलकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला. पुरचुंडी वरच्या कप्प्यात ठेवून हा गृहस्थ मला सांगायचं साफ विसरला होता!

मग हळू आवाजात त्याने सगळं सांगितलं. मार्चातल्या गारपिटीने नानांचे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेले कांदे, झोडपून काढले होते. त्यातून हाती लागलं ते एवढंच बी. वाफे तयार होते, सोमवारी टाकायचं होतं, आणि बाजारच्या बियाने एकदा फसल्यापासून नाना दुसरं बी शेतात घालत नाहीत. त्यांचा अख्खा उन्हाळ कांदा म्हशीच्या पाठीला चिकटला होता... आणि मी चिकटवायला लावला होता.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण नाना एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. पोरीची म्हैस लय भारी झालीये." आणि खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत बसले.

ईरा तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"नाना, खळ पाण्यात सुटते. टबात ठेवू या?"

नाना वळले. "पण मग तुझी म्हैस जाईल ना गं बाय..."

तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "म्हशीला पाण्यात बसायला आवडतं."

ती स्वतः मॅडमकडे गेली, स्वतः चित्र परत मागितलं. मॅडमनी ते लगेच काढून दिलं.

घरी कपडे भिजवायच्या टबात म्हैस उतरली. आधी शिंगं सुटली, मग शेपूट, मग पाठ हळूहळू पाण्यात विरघळत गेली. तेव्हा मात्र ईरा माझ्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली... मीही.

नानांनी चहाच्या गाळणीने दाणा न् दाणा वेचून घेतला. भिजलेलं बी थांबत नाही म्हणे. ओल्या फडक्यात गुंडाळून लगेच निघाले, जेवायलासुद्धा थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात टाकलं.

नंतरचे दिवस मी फोन वाजला की दचकायचे.

आज सकाळी नानांचा व्हिडिओ कॉल आला. मला नाही, ईराला बोलवा म्हणाले. वाफ्यात दोऱ्यासारखे हिरवे कोंब... मध्येमध्ये मोकळ्या जागा. "सारं नाय उगवलं. पण तुझी म्हैस उगवली बघ!"

ईरा स्क्रीनला नाक लावून विचारत होती, यात शेपूट कुठली? मी मागे उभी राहून डोळे पुसत होते.

बियाचा धक्का आज ओसरला. पण एवढ्याशा पोरीने आपली म्हैस, कुणी न मागता, रडत का होईना, देऊन टाकली... तो धक्का मात्र ओसरूच नये असं वाटतंय.